सायकलीमागची जीप

सायकल धूर सोडीत नाही, पेट्रोल मागत नाही आणि भोंगा वाजवून झोपलेल्या गावास जागे करीत नाही. त्यामुळे सुटीत सायकलीने हिंडून आलेल्या मनुष्याच्या चेहऱ्यावर एक सात्त्विक समाधान दिसते. आपण निसर्ग पाहिला आणि त्यास धक्काही लावला नाही, असे त्यास मनोमन वाटत असते. आम्हांसही तसेच वाटत होते. ते समाधान कसे ओसरले आणि त्याच्या जागी काय आले, हे या महिन्यात वाचकांस सांगावयाचे योजिले आहे.

आम्ही म्हणजे इंदूरची तीन मराठी घरे. पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहिलेली, घरात मराठी आणि दारात माळवी-हिंदी बोलणारी. मार्गशीर्षात थंडी पडू लागली की सायकली बाहेर काढावयाच्या आणि विंध्य उतरून नर्मदेकाठी महेश्वरास जावयाचे, तेथून मांडवगड चढून धारमार्गे परतावयाचे, असा बेत आम्ही तीन वर्षांपूर्वी प्रथम आखला. सर्व मिळून अंतर सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास भरते. सायकलीवर आठजण होते आणि नवव्या आमच्या अक्का. अक्कांचे वय अडुसष्ट. तरुणपणी त्या सायकलीनेच शाळेत गणित शिकवावयास जात असत. परंतु आता गुडघे कुरकुरतात. त्यांना मागे ठेवून जाणे कोणासच रुचेना. म्हणून एक जीप भाड्याने ठरविली. अक्का जीपमध्ये बसतील, आमचे सामानही तीत राहील, कोणी थकला तर त्यासही आधार होईल, असा तो साधा विचार होता.

जीप आहे म्हटल्यावर सामानाला धरबंध राहिला नाही. प्रत्येकाची पेटी, वर उशा, खुर्च्या, शेगडी, फरसाणाचे डबे आणि बाटलीबंद पाण्याची खोकी. जीप आमच्या पुढे जाई, चहाची जागा शोधी, परत येई. कोणाचे चाक पंक्चर झाले की मागे धावे. महेश्वरास पोहोचल्यावर विसरलेल्या चपलांसाठी धामनोदपर्यंतही एक खेप झाली. आम्ही घामाघूम होऊन पायडल मारीत होतो आणि मनात म्हणत होतो, पाहा, आम्ही पर्यावरणाचे किती जतन करीत आहो!

पहिला धक्का महेश्वरासच बसला. सायंकाळी घाटावर उतरलो, तेव्हा सायकलींच्या साखळ्या धुळीने आणि काळ्या वंगणाने माखल्या होत्या. मुलांनी जीपवाल्याकडून मगभर डिझेल मागून घेतले, जुना दात घासण्याचा ब्रश घेतला आणि अगदी खालच्या पायरीवर बसून साखळ्या धुतल्या. आम्ही मोठी माणसे वर बसून राजवाड्याची भिंत आणि पलीकडचा तीर पाहत होतो. आम्ही कोणी त्यांस हटकले नाही. पाण्यावर सप्तरंगी तवंग पसरला आणि प्रवाहाबरोबर संथपणे पुढे सरकला. दिवा सोडण्यास आलेल्या एक वृद्ध निमाडी बाई हातातील द्रोण तसाच धरून थांबल्या. त्या रागावल्या नाहीत. खालच्या घाटावरही माणसे अंघोळ करतात, एवढेच त्या शांतपणे बोलल्या आणि दोन पायऱ्या वर चढून दूरच्या घाटाकडे चालू लागल्या.

ज्या अहिल्याबाईंचे नाव आम्हां इंदूरकर मराठी माणसांच्या ओठी सदैव असते, त्यांनी १७६७ पासून १७९५ मध्ये देह ठेवीपर्यंत याच गावी राहून कारभार केला आणि हे घाट बांधविले. त्या घाटावर, आमच्याच मुलांच्या हातून आणि आमच्याच डोळ्यांदेखत, हे घडले. त्या रात्री जेवण कोणासही गोड लागले नाही.

दुसरा धक्का मांडवगडावर बसला. चार दिवसांत आम्ही नऊजणांनी रिकाम्या केलेल्या पाण्याच्या बाटल्या, फरसाणाच्या पिशव्या आणि कागदी ताटल्या यांची दोन पोती झाली होती. उतरलो होतो त्या ठिकाणच्या कचरापेटीत ती टाकून आम्ही निश्चिंत झालो. सकाळी फिरावयास निघालो तेव्हा मागच्या उतारावर तीच पोती फुटून पडलेली दिसली. गुरे त्यांत तोंड घालीत होती. वाचकहो, आमचे इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून गौरविले गेले. येथे ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा होतो. ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू करण्याचा, दररोज ५५० टन कचरा घेऊ शकणारा कारखाना २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. म्हणजे आमच्या घरातील केळीची साल वाया जात नाही. आणि तीच साल, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, आम्ही एका डोंगरावरच्या गावास भेट देऊन आलो होतो. स्वच्छ शहराच्या नागरिकांनी आपली स्वच्छता वेशीशी ठेवून प्रवास करावा, यासारखी विसंगती दुसरी नसेल.

तिसरा धक्का सर्वांत मोठा आणि तो दिला अक्कांनी. घरी परतल्यावर त्यांनी वही काढली. जीपमध्ये पुढे बसून त्या मीटर पाहत आल्या होत्या. आम्ही सव्वादोनशे किलोमीटर गेलो. पण पुढेमागे धावून जीप मात्र ३१० किलोमीटर फिरली. लिटरला ११ किलोमीटर धरले तर डिझेल लागले २८ लिटर. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे जीपचा वाटा झाला पाऊणशे किलो.

आता सायकलींचा हिशेब. युरोपातील सायकलस्वारांच्या महासंघाने २०११ मध्ये असे गणित मांडले होते, की सायकल घडविण्यास लागणारी ऊर्जा आणि स्वाराने खाल्लेले जादा अन्न हे दोन्ही धरले, तर सायकलीचा भार दर किलोमीटरला सुमारे २१ ग्रॅम पडतो. त्यांतले १६ ग्रॅम अन्नाचे. तो आहार युरोपातला. आपले वरणभात, भाकरी त्याहून हलकेच असणार. तरीही तोच आकडा घेऊ. आठ स्वारांचे मिळून १८०० किलोमीटर, म्हणजे सुमारे ३८ किलो. आमच्या मागून येणाऱ्या एकट्या जीपने आम्हां आठजणांच्या दुपटीइतका धूर केला होता!

अक्कांनी अजून एक ओळ लिहिली होती. आम्ही नऊजण त्याच जीपमध्ये दाटीवाटीने बसून सरळ गेलो-आलो असतो, तर वीस-एकवीस लिटर डिझेलात भागले असते. म्हणजे सायकली घरी ठेवल्या असत्या तर हवा कमी बिघडली असती. सायकलीच्या सहलीने आम्ही मोटारीच्या सहलीहून अधिक धूर केला, हे वहीत काळ्यावर पांढरे नव्हे, पांढऱ्यावर काळे लिहिलेले होते.

वही मिटून अक्का म्हणाल्या, “जीप माझ्यासाठीच होती ना? मग पुढल्या खेपेस मी येत नाही. तुम्ही हलके होऊन जा.”

आमच्या दृष्टीने खरा प्रश्न येथे उभा राहिला. निसर्गाची काळजी घ्यावयाची म्हणजे घरातील सर्वांत वडील माणसास घरी बसवावयाचे काय? तसे असेल तर ते जतन आम्हांस नको होते. आणि अक्कांचा आडोसा करून उशा-खुर्च्या वाहून नेणे, हेही आता लाजिरवाणे वाटू लागले. वस्तुतः अक्कांच्या सामानाची एक पिशवी होती; जीप भरली होती ती आमच्या हौसेने.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही पुन्हा त्याच वाटेने निघालो. जीपवाचून आणि अक्कांसह. काय केले ते क्रमाने सांगतो. त्यात मोठी विद्या नाही, परंतु कोणास उपयोग झाला तर समाधान वाटेल.

अक्कांसाठी पुतण्याची विजेची सायकल मागून आणली. हिला पायडल मारावेच लागते. बॅटरीची मोटर केवळ हातभार लावते. तिची बॅटरी एकदा पूर्ण भरण्यास साधारण अर्धा युनिट वीज लागते आणि त्यावर चाळीस-पन्नास किलोमीटर जाता येते. आपल्या देशात अद्याप बरीचशी वीज कोळशापासून होते. एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो. अक्कांच्या साऱ्या सहलीस दोनएक युनिट वीज पुरली. म्हणजे दीड किलोचा मामला. कोठे पाऊणशे आणि कोठे दीड! धामनोदहून मांडवगडाच्या चढास मात्र अक्कांनी हट्ट केला नाही. तेथे त्यांनी रोजची प्रवासी बस धरली. सायकल टपावर चढविली. बस एरवीही जाणारच होती. तिच्यात एक माणूस आणि एक सायकल चढली म्हणून तिचे इंधन फारसे वाढत नाही. साऱ्या युक्तीचे मर्म हेच आहे: आपल्यासाठी वेगळे वाहन धावावयास लावू नये, जे धावतच आहे त्यात बसावे.

वेळ वाढविला. पूर्वी चार दिवसांत उरकलेली वाट सहा दिवसांत केली. पहिला मुक्काम मानपुरास, मग घाट उतरून महेश्वर, एक दिवस पूर्ण विश्रांती, मग मांडवगड, धार आणि इंदूर. दिवसाचे अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांवर आले, कोणी थकले नाही, आणि आधारगाडीची गरजच उरली नाही. बॅटरी भरावयास रात्र मिळाली, ती निराळीच. मुंबई-आग्रा हमरस्त्यावरील घाटउतार मालमोटारींमुळे धोक्याचा आहे. तो पहाटेचा काळोख सरल्यावर, एकामागे एक राहून, ब्रेक तपासून उतरलो. संथ प्रवास हाच हलका प्रवास, हे तेव्हा उमगले.

सामान इतकेच, जितके सायकलीच्या मागच्या कॅरिअरवर राहील. दोन जोड कपडे, पांघरूण, दोरी, औषधे. जुन्या ट्यूबा फेकल्या नव्हत्या. त्यांच्या पट्ट्या कापून सामान बांधले. त्यापेक्षा चांगला पट्टा बाजारात मिळत नाही. पंक्चर काढण्याची ठिगळे, सोल्यूशन आणि पंप दोघांजवळ होते. भोक पडले की नवी ट्यूब, ही सवय मोडली. नीट ठिगळ लावलेली ट्यूब वर्षानुवर्षे चालते. सहलीसाठी नवी सायकल, नवे रंगीत सदरे, नावाचे फलक हेही टाळले. वस्तू घडविताना जी हवा बिघडते ती वस्तू दीर्घकाळ वापरूनच फिटते. आमच्यापैकी एकाची सायकल त्याच्या वडिलांची, पोलादी सांगाड्याची आहे. ती सर्वांत शेवटी पोहोचली, पण एकदाही अडली नाही.

या संदर्भात आम्हांस त्या पारशी तरुणांची आठवण होते. १९२३ साली मुंबईहून सहाजण सायकलीने जगाच्या प्रवासास निघाले आणि त्यांपैकी तिघे १९२८ साली तो पुरा करून परतले. त्यांच्या मागे कोणती जीप होती? आम्हांस मात्र महेश्वरास जावयास खुर्च्या लागल्या होत्या.

पाण्यासाठी प्रत्येकाजवळ दोन धातूच्या बाटल्या आणि सर्वांत मिळून एक हाती गाळणयंत्र घेतले. चहाच्या दुकानी, देवळात, शाळेत, जेथे पिण्याचे पाणी मिळाले तेथे विचारून भरून घेतले. शंका वाटली तेथे गाळून अथवा उकळून घेतले. सहा दिवसांत विकत घेतलेली बाटली एकही नाही. खाणे वाटेवरचे: सकाळी पोहे-जिलेबी, दुपारी दाल-बाफले, आणि निमाडात एका घरी पानांत लपेटून गोवऱ्यांवर भाजलेले मक्याचे पानिये. ताटे पळसाच्या पत्रावळींची. पैसे गावातच राहिले आणि मागे राहिले ते गुरांनी खावे असे पान. प्रत्येकाने सॅकला एक कापडी पिशवी बांधली होती. जो सुका कचरा झाला तो तीत घालून इंदुरास परत आणला. सहा दिवसांच्या अखेरीस नऊजणांचा कचरा एका पिशवीत मावला. ती पिशवी आम्ही आपल्या दारावरच्या कचरागाडीत टाकली तेव्हा काय वाटले, ते मांडवगडची ती पोती पाहिली असल्याखेरीज कळणार नाही.

साखळीचा प्रश्न उरला. साखळी धुवावी लागतेच असे नाही, हे आम्हांस उशिरा कळले. रोज सायंकाळी कोरड्या फडक्यात साखळी धरून पायडल उलटे फिरवावे. धूळ आणि जुने वंगण फडक्यास येते. मग प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडावा, थोडे थांबावे आणि वरवरचे तेल पुन्हा पुसून काढावे. तेल कडीच्या आत हवे, बाहेर नको. बाहेर राहिले की त्यावरच धूळ बसते. इतके केले की डिझेल लागत नाही. हे काम नदी, विहीर, तळे यांपासून दूर करावे आणि फडकी घरी आणावीत. अंगाचा व कपड्यांचा साबणही घाटावर काढू नये. बादलीत पाणी घेऊन, काठापासून दूर जमिनीवर ओतावे.

मांडवगडावर पाण्याचे मोल अधिक. डोंगरमाथ्यावर वसलेल्या त्या राजधानीस नदी नव्हती. जहाजमहालाच्या गच्चीवरचे पावसाचे पाणी नागमोडी पन्हळींतून खाली आणून साठविण्याची सोय तेव्हाच्या कारागिरांनी केली होती. ज्यांनी थेंब थेंब असा सांभाळला, त्यांच्या गावी जाऊन आपण अर्धा तास शॉवरखाली उभे राहावे, हे बरे नव्हे. आम्ही माणशी एक बादली असा नेम केला. खोल्या साध्या घेतल्या. मार्गशीर्षात गारव्याचे यंत्र कोणास लागते? टॉवेल-चादरी रोज बदलून मागितल्या नाहीत. जुन्या वास्तूंच्या पायऱ्यांवर आणि भिंतींवर सायकली नेल्या नाहीत, टेकविल्याही नाहीत. शेकोटीसाठी लाकूड तोडले नाही. आणि पावसाळ्यात कच्च्या वाटेने जावयाचे नाही, असे ठरविले. माळव्याची ओली काळी माती चाकाला चिकटते, मागे खोल चर पडतो, आणि पुढच्या पावसाचे पाणी त्याच चरातून माती वाहून नेते.

महेश्वरास विश्रांतीच्या दिवशी अक्कांनी एक साडी घेतली, थेट विणकराच्या मागावरची. तिच्या काठावर घाटावरील दगडी नक्षीचाच नमुना होता. घडी घालून ती कॅरिअरवर सहज मावली. मागल्या खेपेस जीप रिकामी करण्याच्या नादात आम्ही बाजारात गेलोच नव्हतो.

नर्मदेच्या परिक्रमावासींस आपण पाहिले आहे. पाठीवर एक झोळी, हाती कमंडलू आणि काठी. गाव देईल ते अन्न आणि धर्मशाळा देईल ती जागा. नदी उजव्या हाती ठेवून चालत राहावयाचे. सहलीचे जे नियम आम्ही वही घेऊन, आकडे मांडून शोधून काढले, ते त्या वाटेवर फार पूर्वीपासून पाळले जात आहेत. आम्ही त्यांच्याइतके विरक्त नाही आणि होण्याचा आवही आणत नाही. पण झोळीत न मावणारी वस्तू प्रवासात बहुधा अनावश्यक असते, इतके शिकता येण्याजोगे आहे.

बडोद्याचे वाचक चांपानेरास जाऊ शकतील, बेळगावचे गोकाकच्या धबधब्यास, ग्वाल्हेरचे दतियास, हैदराबादचे दोन-तीन मुक्काम करून बीदरास. ज्यांस दूरच्या प्रदेशात सायकल चालवावयाची हौस आहे, त्यांनी शक्य तर रेल्वेने जावे; सायकल सामानाच्या डब्यात नोंदवून नेता येते, अथवा तेथेच भाड्याने घेता येते. विमान एका प्रवाशामागे दर किलोमीटरला शंभर ग्रॅमांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडते; हजार-दीड हजार किलोमीटर उडून जाऊन चार दिवस सायकल फिरविली, तर त्या फिरण्याने तो हिशेब फिटत नाही. घराच्या दारातून निघणारी सहल हीच सर्वांत हलकी सहल होय.

गेल्या खेपेस शेवटच्या सायंकाळी आम्ही महेश्वरच्या त्याच पायरीवर बसलो होतो. मुलांनी दिवे सोडले. त्या वृद्ध बाई पुन्हा दिसतील असे उगाच वाटत होते. त्या दिसल्या नाहीत. अक्का पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. पाणी स्वच्छ होते आणि त्यात त्यांचे दुखरे गुडघे स्पष्ट दिसत होते. “या वर्षी वहीत फारसे लिहावयास काही नाही,” असे म्हणून त्या हसल्या. पुढल्या मार्गशीर्षाची तिथी त्यांनी तेथेच ठरवून टाकली आहे.